दोन उणे

तुरीच्या डाळीचा डबा उचलला आणि त्याखाली पृथ्वी सापडली. खरं तर मी चहापावडर शोधत होतो. मंगळवार, दुपारचे दोन, कॉलेजातून रजा काढलेली. शनिवारी मुंबईच्या परिषदेत जो पेपर वाचायचा तो चांगल्या अक्षरात उतरवायचा होता, आणि चांगलं अक्षर चहाशिवाय येत नाही. सिंधू कामावर. बारा वर्षांच्या संसारात चहापावडर कुठे असते हे मला ठाऊक नाही, हे मला त्या दुपारी कळलं, आणि तेही त्या दुपारचं मोठं ज्ञान नव्हतं. फळीवर तिने कागद अंथरला होता. रुंद, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, दोन्ही कडांना बारीक भोकांची रांग. असला कागद आमच्याकडे कुठेही सापडतो. आख्ख्या कॉलनीतल्या पोरांच्या वह्यांना त्याचीच कव्हरं आहेत. पण या कागदाच्या कोपऱ्यात छापलं होतं, पान एक. तारीख सात आठवड्यांपूर्वीची. आणि त्याखाली, डब्याच्या बुडाने उठवलेल्या गोल डागाच्या बरोब्बर आत, दोन आकडे. दोन्ही आकड्यांच्या आधी एकेक आडवी रेघ. उणे. आणि पुन्हा उणे.

आता हे आकडे काय ते सांगतो, नाहीतर मी डाळीचा डबा पोटाशी धरून पाऊण तास स्वयंपाकघरात का उभा राहिलो ते कळणार नाही. आपल्या पायाखाली तीन हजार किलोमीटरवर लोखंड वितळून रटरटतंय. त्या रटरटण्यातून वीज, विजेतून चुंबकत्व, आणि त्याच चुंबकत्वाने परत वीज. वायर नाही, मीटर नाही, वायरमन नाही, म्हणून कोट्यवधी वर्षं बिनबोभाट चाललंय. होकायंत्राचा काटा उत्तर दाखवतो तो या कढईच्या जिवावर. मधूनच, लाखो वर्षांनी कधीतरी, हे सगळं उलटतं. उत्तरेची दक्षिण होते. आमच्या इगतपुरीच्या घाटातला काळा कातळ ज्या काळात थंड झाला तेव्हा ती उलटीच होती. अजून त्या दगडात ती तशीच गोठून बसलीय, कुणाला पटो न पटो. ती का उलटते, कशी उलटते, हे कॉम्प्युटरवर करून बघावं असं मला वाटलं. एवढी कढई कुठल्याच कॉम्प्युटरात मावत नाही, म्हणून शहाण्या लोकांनी तिच्या जागी दोन तबकड्या धरल्या आहेत. हिची वीज तिचं चुंबक करते, तिची वीज हिचं. दोन जावांसारखं. हिचं मीठ तिला, तिचं तेल हिला, बाजारातून कुणी काही आणत नाही आणि तरी चूल पेटती. माझे दोन आकडे म्हणजे या दोन जावांमधली वीज. आकडे अधिक असले की उत्तर जिथल्या तिथे. उणे झाले की पृथ्वी उलटली. परदेशात या तबकड्या कागदावर कधीच उलटून झाल्या होत्या, पण त्यांना घर्षण नव्हतं. मी म्हटलं, घर्षणाशिवाय या जगात काय चालतं? आमच्या डिपार्टमेंटचं दारसुद्धा चालत नाही. मी घर्षण घातलं. आणि तीन वर्षं माझ्या तबकड्या इमानेइतबारे फिरत राहिल्या, उलटायचं नाव नाही.

नाशिकमध्ये बसून हे करायचं म्हणजे एक मोठी साखळी होती. कॉम्प्युटर मुंबईत, एका मोठ्या संस्थेत. तिथे माझा वर्गमित्र केरू मशीन सांभाळायच्या कामाला. त्याचं घर घोटीला. शनिवारी गावी यायचा, रविवारी सकाळी आमच्याकडे. मशीन मोकळं असलं की आठवड्यातून सहा मिनिटं तो माझ्या पृथ्वीला द्यायचा. सहा मिनिटांत ती थोडी पुढे सरकायची. जिथे थांबली तिथले आकडे पुढच्या आठवड्याच्या कार्डांवर पाडायचे, कार्डं बुटांच्या खोक्यात भरायची, खोकं केरूच्या मांडीवर, केरू मुंबईला. कार्डं सिंधू पाडायची. ती सातपूरच्या एका कारखान्यात पंच ऑपरेटर. जाड कार्डांवर मशीनने भोकं पाडते, भोकं म्हणजे आकडे, आकडे म्हणजे कामगारांचे पगार. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पगार बाजूला सारून पृथ्वी. नऊ वर्षांत तिच्या हातून एक भोक चुकलेलं नाही. तिचा सुपरवायझर नव्या मुलींना तिचं नाव घेऊन घाबरवतो. साखळीत चुका व्हायच्या त्या पुढे. एकदा घोटीच्या स्टँडवर खोकं फुटलं. चारशे कार्डं फलाटावर. एका भल्या बाईने ती सगळी गोळा करून, पदराने पुसून, स्वच्छ कार्डं वर आणि मळकी खाली अशी लावून दिली. केरूने बघितलं नाही, तसंच मशीनला घातलं. त्या रविवारी मला साठ पानं आकड्यांच्या जागी नुसत्या चांदण्या छापून आल्या. दुसऱ्यांदा खोक्यांची अदलाबदल झाली. मशीनपुढे पिंपळगावची द्राक्षं पोचली आणि केरूच्या साहेबाच्या बायकोला भेट म्हणून माझी पृथ्वी गेली. तिने म्हणे कार्डांचा पंखा केला, चांगला वारा येतो म्हणाली.

पण बहुतेक रविवारी पृथ्वी धड यायची. चहा पिऊन केरू गेला की मी तो पन्नास-साठ पानांचा सलग कागद बाहेरच्या खोलीत उलगडायचो. खोलीत मावायचा नाही, दाराबाहेर ओट्यावर जायचा. मी गुडघ्यावर रांगत एकेक ओळ बघत दारापर्यंत, उंबऱ्यावरून बाहेर, ओट्यापर्यंत. उणे शोधत. सिंधू कागदाच्या दुसऱ्या बाजूला बसून भाजी निवडायची, कागद वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्यावर एक पाय ठेवून. मी बोलत असायचो. बोलायला मला कोण होतं? कॉलेजात पृथ्वीचं नाव काढलं की लोक टाइमटेबलचा विषय काढायचे. मी सिंधूला घर्षण सांगायचो, तबकड्या सांगायचो. ती म्हणायची, "हं." मेथी निवडताना "हं", लसूण सोलताना "हं". मी समजायचो, रेडिओ लावलेला असतो तसं माझं चालू आहे तिच्यासाठी. ओट्याच्या टोकाला पोचलो की शेवटची ओळ. अधिक. दोन्ही अधिक. मग मी उभा राहायचो, गुडघे झाडायचो आणि घरात यायचो. तीन वर्षांत असे किती रविवार झाले असतील?

सात आठवड्यांपूर्वी उलटली. मी कागद उलगडला तर पहिल्याच ओळीपासून उणे. उणे, उणे, उंबऱ्यापर्यंत उणे. पान दोनपासून होतं. पान एक नव्हतंच. आता कुठलाही माणूस आधी विचारेल, पान एक कुठे? मला वाटलं, केरूने समोसे गुंडाळले असतील. इतकं सरळ मी पृथ्वीचं उलटणं समोशावर सोडून दिलं. पेपरात मी लिहिलंसुद्धा की प्रत्यक्ष संक्रमणाची नोंद उपलब्ध नाही. वाक्य इंग्रजीत फार भारदस्त वाटतं. मुंबईहून परिषदेचं पत्र आलं, पेपर स्वीकारला म्हणून. मग प्रिन्सिपॉलसाहेबांनी सत्कार ठेवला. शाल, नारळ. साहेब भूगोलाचे. म्हणाले, "गोदावरीच्या काठावर आजवर अनेकांनी अनेक गोष्टी उलट्या केल्या, पण सबंध पृथ्वी उलटी करणारे आमचे वाल्मीकराव पहिलेच." टाळ्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चौकट आली, आणि तिसऱ्या दिवशी कॉलनीत खाटा फिरायला लागल्या. कारण उत्तरेकडे डोकं करून झोपू नये हे सगळ्यांना माहीत. त्याचं कारण चुंबकत्व हे सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं. आणि आता सरांनीच उत्तर उलटवली म्हटल्यावर डोकं तिकडचं इकडे करायला नको का?

पाऊण तास झाला असेल, दारात अक्काबाई. समोरच्या ब्लॉकमधल्या. मी डबा खाली ठेवला नव्हता.

"काय हो सर, वरण लावताय का?"

"नाही अक्का. चहापावडर बघत होतो."

"ती डाळीत नसती," अक्काबाई म्हणाल्या आणि हक्काने आत येऊन बसल्या. "मी म्हटलं तुम्ही हायेत घरी तर खाटेचं इचारून घ्यावं. आमच्या सासूबाईंची खाट फिरवली तुमच्या सांगण्यावरून."

"मी कुठे सांगितलं?"

"पेपरात आलंय की. तर आता डोकं बरोबर झालं, पण पाय आले देव्हाऱ्याकडं. देवाकडं पाय चालतील का? सासूबाई झोपतच नाहीत, बसून राहतात. हे म्हणतात, सरकारचा जीआर येईस्तोवर खाट होती तिथं ठेवा."

"होती तिथंच ठेवा, अक्का."

"म्हणजे परत फिरली का काय?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "सर, तब्येत बरी हाय ना? घाम आलाय तुम्हाला."

"शनिवारनंतर सांगतो," मी म्हणालो. शनिवारनंतर. त्या गेल्या. मी फाइल काढली. त्याच्या आधीच्या आठवड्याचं शेवटचं पान काढलं, फळीवरच्या कागदाशेजारी ठेवलं. तिथे ०.३१२७ आणि १.८४६०, दोन्ही अधिक. इथे तेच आकडे, चारही घरं तीच, दोन्ही उणे. पृथ्वी तबकड्यांनी उलटवली नव्हती. ती शुक्रवारी संपली तेव्हा सुलटी होती आणि पुढच्या खेपेला उलटीच सुरू झाली, मधे फक्त खोकं होतं. आणि खोक्याच्या आधी सातपूर.

चूक, मी मनात म्हटलं. माणसाच्या हातून होते. मला फार बरं वाटलं, आणि लगेच वाईट. चुकली म्हणजे त्या दिवशी तिला काहीतरी झालं असणार. ताप होता का? नऊ वर्षांत जिचं एक भोक चुकलं नाही तिचं त्या दिवशी का चुकावं? मी आठवायला लागलो, ती कार्डं पाडली तो सोमवार, सिंधू कशी होती? साडी कुठली? खोकली का? मला त्या आठवड्यातल्या तबकड्यांचा वेग चार घरांपर्यंत पाठ होता, आणि सिंधूचं काही म्हणजे काही आठवेना. आमचे वडील, पुंजादादा, देवळाली कॅम्पात तोफखान्याकडे खलाशी, म्हणजे मोजणीचं सामान वाहणारे, होते. होकायंत्राची तीन पायांची तिकाटणी खांद्यावर घेऊन साहेबामागे माळ तुडवायचे. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून मुद्दाम उत्तरेकडे डोकं करून झोपायचे. भगवान शेवटी तसेच पहुडले होते, म्हणायचे, आपल्याला काय होतंय? तर हे दादा यंत्र मांडलं की मेजरसाहेबालासुद्धा कमरेचा पट्टा काढायला लावायचे, बकलाचं लोखंड जवळ नको म्हणून. मला म्हणायचे, काटा कधी खोटं बोलत नाही वाल्या, जवळचं लोखंड त्याला बोलायला लावतं. मी तेव्हा लहान होतो, मला पट्टा काढलेल्या मेजरचं हसू यायचं. आता मी त्या कागदाकडे बघत होतो आणि माझ्याजवळचं लोखंड कुठलं ते मला हळूहळू दिसायला लागलं होतं.

कारण चूक एक असते. बोट चुकून एका किल्लीवर पडतं, एक उणे पडतं. एकच उणे पडलं असतं तर एक तबकडी सुलटी, दुसरी उलटी. दोघींचं बिनसलं असतं, सगळे आकडे भलतीकडे गेले असते आणि मला पान दोनवरच कळलं असतं. दोन्ही उणे झाले की मात्र समीकरणांना पत्ताच लागत नाही. वेग तोच, घर्षण तेच, सगळं आरशातल्यासारखं जसंच्या तसं. हे फार थोड्या लोकांना सुचेल. आमच्या डिपार्टमेंटमध्ये कुणाला सुचणार नाही. मी त्यांना दोनदा सांगून बघितलंय. हे ज्याने केलं त्याला माझं मॉडेल कळलं होतं. नीट, आतून, बाहेरून. नाशिकमध्ये असा एक माणूस होता आणि तो तीन वर्षं माझ्यासमोर मेथी निवडत होता.

साडेपाचला कंपनीची बस नाक्यावर थांबते. सिंधू आली, चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली. स्वयंपाकाच्या ओट्यावर डाळीचा डबा, मोकळी फळी आणि माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवलेली दोन पानं तिने बघितली.

"चहापावडर वरच्या फळीवर असते," ती म्हणाली. "डाव्या हाताला."

"हं," मी म्हणालो.

तिने पाणी प्यायलं. स्टोव्ह पेटवला, चहाचं आधण ठेवलं, आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"केव्हा सांगणार होतीस?"

"त्याच दिवशी. केरूभाऊंनी माझ्या हातात गठ्ठा दिला तेव्हा वरचं पान मी काढून ठेवलं. म्हटलं तुम्ही विचाराल, पहिलं पान कुठाय? विचारलं की देणार होते. विचारलंच नाहीत. दुसऱ्या दिवशी पळत कॉलेजात गेलात. मग प्रिन्सिपॉल घरी आले. मग शाल आली, नारळ आला. नारळ आल्यावर कसं सांगायचं माणसाने?"

"कुठाय तो नारळ?"

"चटणी केली. खाल्लीत तुम्ही. छान झालीय म्हणालात."

मला रागवायचं होतं. मी तीन तास त्याची तयारी केली होती. पण माझ्या तोंडातून आलं ते भलतंच. "दोन्हीला का टाकलंस?"

ती वळली. तिला हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. "मग काय एकालाच टाकायचं? एक अधिक एक उणे झालं की दोघींची भांडणं. दोन्ही फिरवल्या की बाकीचं सगळं तसंच राहतं. तुम्हीच सांगितलं होतं."

"मी? कधी?"

"वन्संच्या लग्नाला पिंपळगावला गेलो तेव्हा. टेम्पोत. रिकाम्या पेट्यांवर बसून."

"तू ऐकत होतीस?"

"टेम्पोत दुसरं कोण होतं?" सिंधू म्हणाली. चहा वर आला होता. तिने भांडं चिमट्यात धरून उतरवलं. "आणि घरी तरी दुसरं कोण असतं?"

चहा गाळून तिने कप माझ्यापुढे ठेवला, दोन्ही पानांपासून लांब, डाग पडू नये म्हणून. मग समोर बसली. "रविवारी तुम्ही रांगत रांगत ओट्यावर जायचात," ती म्हणाली. "जाताना बोलायचात किती. आणि परत घरात यायचात ते तोंड बघवायचं नाही. मला वाटलं, एकदा उलटू दे. एकदा हसत येऊ दे ओट्यावरून आत. मग लगेच सांगू, गंमत केली म्हणून."

"मग? हसलो का मी?"

"नाही." ती माझ्याकडे बघत नव्हती. "घाबरलात. पांढरे पडलात. मला वाटलं, एवढे दिवस जे पाहिजे होतं ते आलं तर असं का तोंड झालं? आणि त्याच्यानंतर तुम्ही कागद उलगडलाच नाही कधी. टेबलावरच बघायचं, शेवटचं पान काढून. बोलणंपण बंद. नुसतं लिहायचं नि सत्काराला जायचं."

खरं होतं. सात आठवडे केरू गठ्ठे आणत होता आणि मी त्यांच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. आत काय असणार? उणे. उलटलेली पृथ्वी उलटी फिरत होती, जशी सुलटी असताना फिरत होती तशीच, मला त्यात बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. सिंधू मात्र दर सोमवारी माझ्या न उलगडलेल्या कागदाच्या शेवटच्या पानावरचे आकडे काढून कार्डं पाडत होती. आता इमानाने, उण्याला उणे.

"शनिवारी काय सांगायचं?" मी विचारलं. मला मुंबईचं ते सभागृह दिसत होतं, मोठमोठी माणसं, त्यांच्या छातीवर नावाच्या चिठ्ठ्या. नाशिकहून पहिल्यांदाच कुणीतरी.

"काय झालं ते सांगायचं."

"लोक हसतील, सिंधू."

"हसू देत. कुणीतरी हसायला पाहिजेच होतं."

मी पेपरचं सुवाच्य पहिलं पान काढलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. नवं पान घेतलं. घर्षण घातलेल्या तबकड्या तीन वर्षांच्या गणितात उलटल्या नाहीत, असं लिहिलं. एवढंच खरं होतं, आणि लिहिल्यावर ते वाटलं तेवढं लहान दिसेना. उलटत नाही हेही कुणीतरी सांगायला हवंच की. मग खाली लिहिलं, एका ठिकाणी दोन्ही चिन्हं बाहेरून बदलून पाहिली. बाकी काहीही बदललं नाही, म्हणजे गणित शुद्ध आहे.

"बदलून पाहिली म्हणजे कुणी?" सिंधूने माझ्या खांद्यावरून वाचून विचारलं.

"तुझं नाव घालू?"

"घाला. पण चूक झाली असं नका लिहू. मुद्दाम केलं असं लिहा. कामावर कुणी वाचलं तर? नऊ वर्षांत एक भोक चुकलेलं नाहीये माझं."

मी मुद्दाम असं लिहिलं. इंग्रजीत तो शब्द फार चांगला दिसत होता, तिच्या नावाच्या लगेच पुढे. बाहेर पोरं खेळत होती. उद्या प्रिन्सिपॉलांकडे जायचं होतं, त्याआधी मुंबईला तार करायची होती, आणि या सगळ्याची मला भीती वाटत होती, पण ती आता नीट ओळखीची भीती होती, घरातली. सिंधूने बुटांचं खोकं ओढून घेतलं. या आठवड्याची कार्डं त्यात भरून तयार होती. तिने वरची दोन काढली, उजेडात धरून भोकं बघितली आणि बाजूला ठेवली.

"ही आता उपयोगाची नाहीत. रविवारी केरूभाऊ येतील. सुरू कुठून करायचं?"

"तू चिन्हं टाकलीस त्याच्या आधीपासून."

"म्हणजे सात आठवडे मागं."

"हो."

तिने बोटांवर मोजलं. एका हाताची पाच, दुसऱ्याची दोन. मग बाहेरच्या खोलीकडे बघितलं, दारापर्यंत, उंबऱ्यापर्यंत, ओट्यापर्यंत.

"चालेल," ती म्हणाली. "तेवढे रविवार परत मिळाले."